अमेरिकन यादवी युद्ध : स्मरण, पुनर्वाचन आणि वऱ्हाड

अमेरिकन यादवी युद्ध (1861–65) : अमेरिकेतील उत्तरेची राज्ये आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची 11 राज्ये यांच्यात झालेले युद्ध. 12 एप्रिल 1861 रोजी फोर्ट समटर या किल्ल्यावरील तोफमाऱ्याने त्याला तोंड फुटले. 9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. सुमारे 40 लाख गुलाम मुक्त झाले. मृतांची संख्या दीर्घकाळ 6,20,000 धरली जाई. 2011 मध्ये इतिहासकार डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून ती साडेसात लाखांच्या आसपास नेली. प्रस्तुत नोंद लढायांची नाही. या युद्धाची आठवण कशी राखली गेली, इतिहासकारांनी ती कशी उलगडून पुन्हा मांडली आणि त्या मांडणीत विदर्भातील कापसाची शेते कुठून आली, हा तिचा विषय आहे.

‘यादवी’ या मराठी शब्दातच एक अर्थ आधीपासून बसलेला आहे. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून संपले, म्हणून यादवी म्हणजे भाऊबंदांची कत्तल. दोन्ही बाजू आपल्याच, दोन्हींचे नुकसान सारखेच, असा त्याचा सूर. अमेरिकेतही नेमका हाच सूर पुढे बळावला आणि त्यात गुलामगिरीचा प्रश्न बाजूला पडला. महात्मा फुल्यांना मात्र तो प्रश्न स्वच्छ दिसला होता. 1873 च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांच्या नावे लिहिली आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. त्या युद्धाचे मराठीतील हे सर्वांत अर्थपूर्ण स्मरण मानावे लागते.

अमेरिकेत युद्ध हरलेल्यांनी आठवणीची लढाई बराच काळ जिंकली. दक्षिणेतील पत्रकार एडवर्ड पोलार्ड याने 1866 मध्येच दक्षिणेच्या ‘हरलेल्या ध्येया’चा गौरव मांडला. शतक पालटताना दक्षिणेतील गावोगावी, न्यायालयांसमोर, दक्षिणी सैनिकांचे पुतळे उभे राहिले. काळ्या नागरिकांचा मताधिकार हिरावला जात होता तो हाच काळ. 1913 मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर दोन्हीकडच्या वृद्ध सैनिकांनी हस्तांदोलन केले. या चित्राला पहिला मोठा धक्का कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी 1935 मध्ये दिला : मळे सोडून निघालेल्या गुलामांनी स्वतः युद्धाचे पारडे फिरवले, असे त्यांनी दाखवले. विद्यापीठांनी ते मान्य करायला आणखी काही दशके घेतली. 1 मे 1865 रोजी चार्ल्सटन येथे मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी उत्तरेच्या मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिली होती. हा विसरलेला प्रसंग इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी पुन्हा उजेडात आणला. रिचमंडमधील लीचा पुतळा 2021 मध्ये उतरवण्यात आला.

अलीकडच्या पुनर्वाचनाने युद्धाची कक्षा अमेरिकेबाहेर नेली, आणि इथे वऱ्हाड येते. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार पंचमांश अमेरिकेच्या गुलाममळ्यांतून जाई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि मँचेस्टरची नजर मुंबईमागच्या काळ्या जमिनीकडे वळली. वऱ्हाड 1853 पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होते. इथला कापूस त्याआधी लदणीच्या बैलांवर मिर्झापूरपर्यंत जात असे. आता बैलबंड्या मुंबईच्या दिशेने वळल्या. भाव चढला तशी भेसळही वाढली. रुईत सरकी आणि पाणी घालणाऱ्यांना आवरण्यासाठी मुंबई सरकारला 1863 मध्ये कायदा करावा लागला.

तेजी टिकली नाही. 1865 मध्ये लढाई थांबताच भाव कोसळले आणि मुंबईचा सट्टेबाजार बुडाला. रेल्वे नागपूरला पोचली ती 1867 मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. खामगावचा फाटा 1870 मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. पाठोपाठ सरकी काढणारे जीन, गाठी बांधणारे प्रेस आणि युरोपीय पेढ्यांचे दलाल आले. वऱ्हाडच्या शेतीची खरी उलथापालथ या दुसऱ्या टप्प्यात झाली. लांब धाग्याची, नावाजलेली ‘बनी’ कपाशी मागे पडून काटक, जास्त रुई देणारी ‘जरी’ पसरली. बोंडाचा भाव परदेशातून तारेने ठरू लागला; कास्तकार मात्र पेरणीपासून सावकाराच्या वहीत अडकलेला.

वसाहतकाळातील अहवालांनी या काळाला वऱ्हाडची भरभराट म्हटले आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘पांढऱ्या सोन्या’चा प्रदेशही त्याच सुरात येतो. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी 1850 ते 1900 मधील वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळाचा अभ्यास करताना ही दोन्ही टोके एकत्र बांधली. ज्वारीच्या, चराईच्या आणि रानाच्या जागा कापसाने घेतल्या, तसा गावाचा दुष्काळातला आधार गेला. 1891 मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती. 1896–97 आणि 1899–1900 चे दुष्काळ पाहून 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी कापसाचा जागतिक इतिहास लिहिताना वऱ्हाडचा हा बदल थेट अमेरिकन युद्धाशी जोडला : तिकडे गुलामीचे मळे बंद पडले, इकडे कर्जावर चालणारी शेती उभी राहिली. या मांडणीतही तारतम्य हवे. वऱ्हाडात कापूस युद्धाच्या कितीतरी आधीपासून होता, आणि सारी कर्जे फोर्ट समटरपाशी नेऊन टेकवणे खरे नव्हे.

विदर्भात या युद्धाचा स्तंभ किंवा स्मृतिदिन नाही. खामगाव, हिंगणघाट, अकोट येथील जुनी जीन-आवारे आणि पूर्वी मूर्तिजापूरहून यवतमाळला धावणाऱ्या ‘शकुंतला’ रेल्वेची, कापसासाठी बांधलेली अरुंद वाट त्याच मालिकेतली आहे. अभ्यास आजवर मुख्यतः इंग्रजी अहवालांवर उभा आहे. आडत्यांच्या मोडी वह्या, सावकारांची खाती आणि गावोगावची जमाबंदीची कागदपत्रे वाचली गेली, तर 1864 च्या हंगामात एखाद्या कास्तकाराच्या हाती नेमके काय पडले, हे त्याच्याच बाजूने सांगता येईल.