पंखा एवढासा, घरघर अख्ख्या डब्याची

संगणकाचा डबा घरघरू लागला की पहिला संशय पंख्यावर जातो. तो खरा असला तरी अर्धाच. पंखा चालू असताना डब्याच्या बाजूच्या पत्र्यावर तळवा दाबून धरा. घरघर बसली, तर आवाज पत्रा करतोय. पंखा त्याला नुसता हलवतोय.

आता हिशेब बघा. 12 सेंटिमीटरच्या पंख्याच्या एकाच पात्यावर, अक्षापासून 5 सेंटिमीटरवर, 0.1 ग्रॅम जास्तीची धूळ बसली आहे असं धरू. मिनिटाला 1500 फेऱ्या होत असतील, तर एवढीशी धूळ अक्षाला साडेबारा ग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते आणि ही ओढ सेकंदाला 25 वेळा गरगर फिरते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे 50 ग्रॅम. त्यामुळे तापमानावर नजर ठेवून बायोसमधून (संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) वेग थोडा उतरवणं हा बिनखर्चाचा उपाय मी सगळ्यांत वर ठेवीन.

लोक मात्र आधी रबराकडे धावतात. रबर लावलं की शांतता, असं काही नसतं. रबरावर टेकवलेल्या पंख्याला हलण्याची स्वतःची एक लय असते. रबर मऊ, तितकी ती लय संथ. पंख्याच्या वजनाने रबर 1 मिलिमीटर दबत असेल तर ती येते अंदाजे 16 हर्ट्झ (सेकंदाला 16 हेलकावे), म्हणजे मिनिटाला साधारण 950 फेऱ्या. पंखा नेमका याच वेगाने फिरला तर रबर कंपन अडवायचं सोडून वाढवतं. झोपाळ्याला लयीत झोका द्यावा तसंच हे. यालाच अनुनाद म्हणतात. रबराचा फायदा सुरू होतो त्या लयीच्या 1.41 पटीच्या पुढे, आपल्या उदाहरणात 1350 फेऱ्यांच्या आसपास. टणक रबरी वॉशर तर जवळजवळ दबतच नाहीत. 1500 फेऱ्यांच्या पंख्याच्या सात पात्यांची 175 हर्ट्झची (7 × 25) गुणगुण ते थोडीफार रोखतील, पण 25 हर्ट्झचा मूळ हादरा जसाच्या तसा पत्र्याला पोचवतील. त्यात स्क्रू करकचून आवळले, मग तर बोलायलाच नको.

आवाज लाटेसारखा चढत-उतरत असेल, तर दोन पंख्यांच्या वेगात किंचित फरक आहे. 1200 आणि 1230 फेऱ्यांचे पंखे शेजारी असले की दर दोन सेकंदांनी त्यांचे हादरे एकत्र येतात. एकाचा वेग बराच बदला, लाट जाते.

कंपनाचा त्रास फक्त कानांनाच होतो असंही नाही. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग डेटा सेंटरमधल्या हार्ड डिस्कवर चक्क ओरडले, आणि डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचं आलेखावर दिसलं!

धूळ मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारायचाच असेल तर संगणक बंद करून आणि पातं बोटाने धरून. मोकळा पंखा हवेच्या झोताने भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. बेअरिंग आधीच झिजून खडखडत असेल, तर रबर-ब्रशच्या नादी न लागता पंखाच बदला.