काट्यावरचा जुना प्रोग्राम : इम्युलेशन आणि व्हर्च्युअल मशीनची पार्श्वभूमी

कापसाचा हंगाम लागला की वर्धा-यवतमाळ पट्ट्यातील जिनिंगच्या आवारात भरलेली गाडी काट्यावर चढते, इंडिकेटरवरचा आकडा स्थिरावतो, सीरियल पोर्टमधून तो पीसीत येतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पावती काढतो. कित्येक ठिकाणी हा प्रोग्राम डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळातला असतो, पीसी मात्र मधल्या काळात दोन-तीनदा बदललेला असतो. प्रोग्राम लिहून देणारा सापडत नाही, म्हणून नव्या पीसीच्या पोटात सॉफ्टवेअरने जुना पीसी उभा करावा लागतो.

ही कल्पना मुळात पीसीची नाही. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या मोठ्या संगणकांवर आधीच्या यंत्रांचे प्रोग्राम चालवण्याची सोय होती आणि १९७२ च्या व्हीएम/३७० या प्रणालीमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखे काम करता येई. पीसीपुरता खरा टप्पा १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरचा. त्यातील ‘व्हर्च्युअल ८०८६’ या सोयीमुळे डॉसचे प्रोग्राम पुढे विंडोजच्या खिडकीत चालू लागले.

आपल्याकडे या सगळ्यालाच सरसकट ‘इम्युलेटर’ म्हणण्याची पद्धत पडली आणि घोळ तिथून सुरू होतो. इम्युलेशनमध्ये प्रोसेसरच खोटा असतो. पाहुण्या, म्हणजे आत चालवायच्या जुन्या, प्रोग्रामची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअर वाचते व तिचे काम स्वतः करते, किंवा २००३ मध्ये आलेल्या क्यूईएमयू या इम्युलेटरप्रमाणे सूचनांच्या तुकड्याचे भाषांतर करून तो खऱ्या प्रोसेसरकडे देते. व्हर्च्युअल मशीनमध्ये बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवरच चालतात. यंत्राच्या ताब्याला धक्का लावणाऱ्या तेवढ्या अडवल्या जातात. अशी अडवणूक कोणत्या प्रोसेसरवर शक्य आहे याच्या अटी १९७४ मध्येच मांडल्या गेल्या होत्या. पीसीतल्या पेंटियम प्रोसेसरच्या १७ सूचना त्यांत बसत नव्हत्या. १९९९ च्या व्हीएमवेअर वर्कस्टेशन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामने अडचणीच्या सूचना चालता चालता बदलून वाट काढली आणि २००५-०६ मध्ये प्रोसेसरमध्येच तशी सोय आली. ‘व्हर्च्युअल’साठी मराठीत रुळलेल्या ‘आभासी’ या शब्दाने गोंधळात भरच घातली, कारण ज्याचा प्रोसेसर खरा त्याला आपण आभासी म्हणतो आणि ज्याचा सगळाच आभास, त्याला म्हणत नाही.

हा फरक केवळ शब्दांचा नव्हता, हे २००९ मध्ये दिसले. विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांसोबत ‘एक्सपी मोड’, म्हणजे जुनी विंडोज एक्सपी चालवणारे व्हर्च्युअल मशीन, फुकट मिळू लागला, पण त्याला प्रोसेसरमधील अडवणुकीची ती सोय असण्याची अट होती. त्याच पिढीतील काही स्वस्त प्रोसेसरमधून ती वगळलेली होती, तर काही पीसींमध्ये असूनही बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, बंद ठेवलेली असे. तालुक्याच्या दुकानातून पीसी घेणाऱ्याला हे सांगणारे कोणी नव्हते. बिलावर प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क एवढेच लिहिलेले असे. सुमारे पाच महिन्यांत, मार्च २०१० मध्ये, ती अट काढण्यात आली. जुने प्रोग्राम सर्वाधिक काळ जपणाराच स्वस्त पीसी घेतो, एवढी साधी गोष्ट ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी असे वाटते.

तोवर ६४ बिटचा, म्हणजे ३२ बिटच्या दुप्पट लांबीचे आकडे एका वेळी हाताळणाऱ्या प्रोसेसरचा, प्रश्न उभा राहिला होता. प्रोसेसर ६४ बिट पद्धतीत चालू लागला की १९८५ ची ‘व्हर्च्युअल ८०८६’ सोय उपलब्ध राहत नाही; म्हणून ६४ बिट विंडोज डॉसचा प्रोग्राम उघडतच नाही. ३२ बिट विंडोज टाकणे हा त्यावरचा उतारा होता. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे २००२ मध्ये जुन्या खेळांसाठी आलेला डॉसबॉक्स आता काट्यावर बसवला जातो. तो पूर्ण इम्युलेटर आहे, प्रोसेसरसकट सगळ्याची नक्कल करतो. पण डॉसचा प्रोग्राम इतका हलका असतो की त्याचा संथपणा जाणवत नाही.

अडते ते सुट्या भागांपाशी. सीरियल पोर्ट यूएसबीच्या तारेने जोडता येतो, परंतु प्रोग्रामची नक्कल रोखण्यासाठी पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) लावायचे कुलूप किंवा पडद्यावर देवनागरी आणणारे जिस्ट कार्ड यांची नक्कल या इम्युलेटरांमध्ये नाही. असे कार्ड वापरणाऱ्या एखाद्या पतसंस्थेचे जुने खतावणीचे पान उघडले, तर मराठी नावांच्या जागी चौकटी आणि रेघा दिसतात.