कुत्र्याच्या पिल्लाचा दिनक्रम

आई आणि भावंडांपासून वेगळे होऊन माणसांच्या घरात आलेल्या पिल्लाच्या झोपेला, खाण्याला, शी-शूला, खेळाला आणि एकटे राहण्याला पहिल्या काही आठवड्यांत जे ठरावीक वळण लावले जाते, त्याला पिल्लाचा दिनक्रम म्हणतात. पिल्लाला घड्याळ कळत नाही, घटनांचा क्रम मात्र फार लवकर कळतो. उठल्यावर बाहेर, आत आल्यावर खाणे, खाल्ल्यावर पुन्हा बाहेर, मग थोडा खेळ आणि झोप, असा क्रम रोज पाळला गेला की पुढे काय होणार याचा अंदाज त्याला येऊ लागतो आणि नव्या जागेची भीती ओसरते. सकाळचे खाणे सातऐवजी साडेसातला दिल्याने काही बिघडत नाही. पण खाल्ल्यावर बाहेर नेणे आज केले आणि उद्या टाळले, तर शिकवलेले बरेचसे वाया जाते. म्हणूनच हा क्रम घरातल्या सर्वांना माहीत असावा आणि सर्वांनी तो सारखाच पाळावा.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. भारतात श्वानपैदास आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे पिल्लू ओरडते आणि खेळ थांबतो. दातांचा जोर आवरण्याचे हे शिक्षण माणसाला तितके चांगले देता येत नाही. रस्त्यावरून किंवा सोसायटीच्या आवारातून उचलून आणलेली देशी पिल्ले मात्र पुष्कळदा याहून लहान असतात. त्यांच्याबाबतीत ऊब आणि थोड्या थोड्या वेळाने खाणे या दोन गोष्टींना बाकी सगळ्या शिकवणीच्या आधी स्थान द्यावे लागते.

दिवसाचा सर्वांत मोठा भाग झोपेचा असतो. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू दिवसरात्र मिळून अठरा ते वीस तास झोपते, आणि नव्या घरात नेमकी याच गोष्टीची आबाळ होते, कारण शेजारपाजारची मुले, नातेवाईक असे सगळेच त्याला उचलून घेत राहतात. संध्याकाळी अचानक घरभर सुसाट धावणारे, पँटचे पाय आणि पडद्याची टोके ओढणारे, हाताला चावे घेणारे पिल्लू खोडकर ठरवले जाते. पुष्कळदा ते केवळ दमलेले असते आणि त्याला शांत कोपऱ्यात नेले की थोड्याच वेळात झोपी जाते. झोपेची जागा एकच असावी. उघड्या दाराचा पिंजरा किंवा कडा असलेला खोका यासाठी चालतो, मात्र तेथे शिक्षा म्हणून कधीही कोंडू नये. पहिल्या काही रात्री ही जागा माणसाच्या अंथरुणाजवळ ठेवली तर रडणे पुष्कळ कमी होते. स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत एकटे ठेवून ‘रडून रडून गप्प होईल’ असे म्हणणे निर्दयपणाचे आहे, शिवाय त्याला शू लागली असल्याचेही आपल्याला कळत नाही.

शी-शूचे वळण हा दिनक्रमाचा कणा होय. जितके महिने वय त्यात एक मिळवून येणाऱ्या तासांपर्यंत पिल्लू शू धरू शकते, असा एक ढोबळ आडाखा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाची कमाल मर्यादा तीन तास. जागे असताना आणि खेळताना ही मुदत याहून खूप कमी असते. झोपेतून उठल्याबरोबर, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत त्याला जावेच लागते, कारण पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते. खेळता खेळता थबकणे, नाक फरशीला लावून हुंगत जाणे, जागच्या जागी गोल फिरणे ही आधीची चिन्हे आहेत. ती दिसताच पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे, तेथे त्याच्याशी खेळू नये, आणि काम झाल्याक्षणी तिथल्या तिथे शाबासकी व खाऊचा छोटा तुकडा द्यावा. घरात परत आल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध त्याला शूशी जोडता येत नाही. पायाखाली काय आहे हेही पिल्लू लक्षात ठेवते: कायम रद्दी पेपरवर बसवलेले पिल्लू पुढे मातीवर जायला कुरकुरते. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पेपरऐवजी माती किंवा हिरवळीचा तुकडा घातलेला ट्रे ठेवणे अधिक सोयीचे ठरते. घरात चूक झाली तर ती जागा वास राहणार नाही अशी धुवावी. पिल्लाचे नाक त्यात घासण्याची जुनी पद्धत पूर्णपणे टाकून द्यावी. त्यातून ते एवढेच शिकते की माणसांसमोर शू करणे धोक्याचे आहे, आणि मग सोफ्यामागची जागा शोधते.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन ते चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खाणे द्यावे. अगदी लहान चणीच्या जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी लवकर उतरते, त्यामुळे त्यांची एकही वेळ चुकवू नये. मराठी घरांत पिल्लाला सर्रास दूध-पोळी घातली जाते. आईचे दूध सुटल्यावर अनेक पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातील साखर पचत नाही आणि ढाळ लागतात. वाढत्या शरीराला लागणारी प्रथिनेही पोळीतून पुरेशी मिळत नाहीत. उरलेला आमटीभात घालणेही टाळावे, कारण त्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींची हानी होते. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका तर विषारीच आहेत. वाटी पंधरा-वीस मिनिटांनी उचलावी, पाणी मात्र दिवसभर ठेवावे.

पिल्लाच्या जगाशी ओळखी होण्याचा काळ छोटा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे केलेल्या दीर्घ अभ्यासातून, जो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला, हा काळ सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा असल्याचे पुढे आले. लसी पूर्ण व्हायला सोळा आठवडे लागतात, म्हणजे सगळ्या लसींची वाट पाहत घरात ठेवलेल्या पिल्लाचा हा काळ निघून जातो. यावर उपाय म्हणजे रोज थोडा वेळ त्याला कडेवर घेऊन फिरवणे: रिक्षांचे आवाज, शाळेतून सुटलेली मुले, लिफ्ट, छत्री घेतलेला माणूस हे सारे त्याने सुरक्षित अंतरावरून पाहावे. कुकरची शिट्टी आणि मिक्सर यांची ओळख घरातच होते. इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर मात्र लसी पूर्ण होईपर्यंत सोडू नये. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते.

एकटे राहण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात सुरू करावा. आधी दाराआड काही क्षण, मग पाच मिनिटे, मग बाजारात जाऊन येण्याइतका वेळ, अशी वाढ करत जावी. नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या घरांनी पिल्लू आणण्यापूर्वीच दुपारी कोण येणार हे ठरवावे. तीन महिन्यांच्या पिल्लाला आठ-नऊ तास बंद घरात ठेवणे कोणत्याही दिनक्रमात बसत नाही. उन्हाळ्यात फिरणे सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर ठेवावे, कारण तापलेल्या डांबराने पंजे भाजतात. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजारामुळे साचलेल्या पाण्यातून नेणे टाळावे आणि रोज रात्री कानांच्या मागे व बोटांच्या फटींत गोचिडी तपासाव्यात.

चार ते सात महिन्यांच्या दरम्यान अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येतात. तेव्हा चावायला थंड ओले फडके किंवा रबरी खेळणे द्यावे लागते. सवय लागलेल्या पिल्लाने या काळात पुन्हा घरात शू केली, तर काही दिवस सुरुवातीच्या वेळापत्रकावर परत यावे. दिनक्रम स्थिर असल्याचा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे आजार लवकर लक्षात येतो. रोज वाटीवर तुटून पडणाऱ्या पिल्लाने खाणे नाकारले, ते उठायच्या वेळी उठले नाही आणि त्यासोबत उलट्या किंवा रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले, तर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शक्यता धरून त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, पशुवैद्याकडे न्यावे.