सुट्टीतली गॅलरीतली भाजी : घरात लहान मूल असलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सुट्टी लागली की आईबाबा, आजीआजोबा मुलांचा हात धरून आमच्या रोपवाटिकेत येतात आणि बहुतेक जण आधी टोमॅटोचं रोप मागतात. एप्रिल-मेमध्ये आम्ही ते देत नाही. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचा गारवा लागतो आणि मुंबईत मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २७ अंशांच्या आसपास असतो. झाड वाढतं, फुलं येतात आणि देठापासून गळून पडतात. मोठ्या माणसाला ते पटवून देता येतं. पण चार वर्षांच्या मुलाने रोज सकाळी धावत जाऊन गळालेली फुलंच बघायची, तर त्याचा उत्साह किती दिवस टिकणार? टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर यांच्यासाठी गणपतीनंतर या, तेव्हा आम्ही आनंदाने देऊ. आत्ता ज्या भाज्यांना उकाडा मानवतो, त्याच लावायच्या.

काय लावायचं

लहान मुलाबरोबर भाजी निवडताना चवीआधी दिवस मोजा. तीन वर्षांच्या मुलासाठी महिना फार लांब असतो. म्हणून एक भाजी आठवड्यात काहीतरी दाखवणारी हवी, एक महिन्यात ताटात येणारी आणि एक सुट्टी संपता संपता फळ देणारी.

पहिली मेथी. आपल्या बाजारात इवल्याशा जुड्यांनी मिळणारी, समुद्रकाठच्या वाळूत वाढणारी समुद्रमेथी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तशीच घरी करा. डब्यातले मेथीचे दाणे रात्रभर भिजवा. तळाला भोकं असलेल्या पसरट ट्रेमध्ये दोन इंच वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं भरा, दाणे दाट पसरा आणि वरून पातळ थर द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात, दहा-बारा दिवसांत जुडी उपटता येते. ट्रे दुपारच्या उन्हात ठेवू नका. उपटलेली मेथी मुळं कापून नीट धुवा, कारण वाळू सहज जात नाही. एक ट्रे संपत आला की दुसरा पेरा, म्हणजे मुलाला मधले दिवस रिकामे वाटत नाहीत.

दुसरा लाल माठ. बी फार बारीक असतं, मुलाच्या मुठीतून सगळं एकाच जागी पडतं. त्यात चमचाभर कोरडी वाळू मिसळून द्या, पेरणी आपोआप सारखी होते. पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येतो. शेंडे खुडले, मुळं ठेवली तर पुन्हा फुटतो. मायाळूही याच काळात जोमाने वाढतो. बाजारातल्या जुडीतली दोन जाड देठं मातीत खोचली तरी मूळ धरतात. त्याच्या पिकल्या फळांचा जांभळा रंग मुलांना फार आवडतो, फक्त कपडे जुने घाला.

तिसरी आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची, भेंडी. बी रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी मुलाला तर्जनीचं पहिलं पेर मातीत रुतवायला सांगा. तेवढीच खोली पुरते. प्रत्येक भोकात दोन बिया टाका आणि माती हलकेच ओढून घ्या. चार ते सहा दिवसांत बी वर येतं, तेव्हा डोक्यावर टरफलाची टोपी असते. ती मुलाला ओढू देऊ नका, पानं उघडली की ती आपोआप पडते. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फूल येतं : फिकट पिवळं, मध्ये गडद किरमिजी. सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. म्हणून मूल उठल्या उठल्या त्याला गॅलरीत न्या, ते फूल दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. भेंडीला मधमाशी आली नाही तरी फळ धरतं, त्यामुळे पंधराव्या मजल्यावरही अडत नाही. फूल मिटल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते, तिला जास्त ठेवली तर दोर धरतो. बाजारात टोक मोडून बघितलं की भाजीवाली रागावते. घरच्या झाडावर मुलाला ते खुशाल करू द्या. कट्‌कन मोडलं की कोवळी. झाडावर बारीक लव असते, हाताला खाज सुटते, म्हणून तोडताना मुलाला पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. एका पिशवीत दोन झाडं, अशा चार पिशव्या असतील तर एका तोडणीत मुलाच्या ताटापुरती भाजी निघते.

ग्रिल असेल तर चवळीचे दोन वेल चढवा. दुधी आणि दोडका खिडकीसाठी घेऊ नका. त्यांना मोठी जागा लागते, वेल जड होतो, आणि त्यांची फुलं संध्याकाळी उमलत असल्याने बऱ्याचदा हाताने परागीकरण करावं लागतं. गच्चीची परवानगी असेल तर वेगळी गोष्ट.

तुमच्या गॅलरीत ऊन किती येतं

यावर ग्राहकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. डिसेंबरमध्ये दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन खोलवर आत येतं आणि आपण समजतो की ही आपली उन्हाची गॅलरी. मे महिन्यात तीच गॅलरी दुपारभर सावलीत असते. १५ मेच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या बाटलीची सावली दिसेनाशी होते. आकाश निरभ्र असेल तर मुलाला टोपी घालून दोन मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात नेऊन दाखवा. सूर्य इतका वर असला की वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या कुंड्यांवर छत्री धरतो. याउलट उत्तरेच्या खिडकीत, जिथे एरवी काही येत नाही असं आपण म्हणतो, तिथे मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं.

पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेची असेल तर दुपारी दोन ते पाचचं ऊन माती तापवतं आणि मुळं होरपळतात. तिथे निम्मं ऊन अडवणारी, म्हणजे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या टाळा. भेंडी आणि चवळीला रोज पाच-सहा तास ऊन हवंच. मेथी, माठ, मायाळू तीन-चार तासांवरही भागवतात.

माती आणि वजन

लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत समप्रमाणात घ्या, वर मूठभर नीमपेंड (तेल काढून उरलेला निंबोळ्यांचा चोथा). कोकोपीटची वीट बादलीत भिजली की फुगून कितीतरी पट होते. हे काम मुलालाच द्या, हात कोपरापर्यंत घालू द्या. फक्त भरलेली बादली आणि लहान मूल यांना क्षणभरही एकटं सोडू नका.

भेंडीसाठी बारा बाय बारा इंचाची पिशवी घ्या. अशी एक पिशवी भरून ओली झाली की पंधरा किलोच्या आसपास भरते. जुन्या इमारतीच्या ग्रिलवर चार-पाच पिशव्या ठेवण्याआधी वेल्डिंग आणि गंज बघून घ्या. कठड्यावर कुंडी अजिबात ठेवू नका. खाली माणसं चालत असतात.

पाणी

उन्हाळ्यात पाणी सकाळी आठच्या आत घाला आणि पिशवी लहान असेल तर संध्याकाळी पुन्हा. पण रोज घालायचंच असा नियम नाही. मुलाला बोट मातीत घालायला शिकवा. कोरडं लागलं तर झारी, ओलं लागलं तर आज सुट्टी. हे एक काम चार वर्षांचं मूल पूर्णपणे सांभाळू शकतं. त्याला अर्ध्या लिटरची छोटी झारी द्या. मोठी दिली की एकाच कुंडीत ओतली जाते.

भातसा, तानसा, विहार आणि बाकीच्या तलावांची पातळी मे-जूनमध्ये खाली गेली की पाणीकपातीची वेळ येऊ शकते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि एसीच्या नळीतून गळणारं पाणी झाडांना चालतं. भाजी उकडलेलं मिठाचं पाणी चालत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर जाणारं पाणी क्षारांचं असतं, ते रोज घालू नका. मातीवर नारळाच्या काथ्याचा किंवा सुक्या पानांचा थर दिला की पाणी बराच वेळ टिकतं.

खाली ताटली ठेवा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ पाणी पडणार नाही. पण त्या ताटलीतलं पाणी रोज ओता आणि आठवड्यातून एकदा कडा घासून वाळवा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात, कडेला चिकटवून अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. रविवारी ताटल्या घासायचं काम मुलाबरोबर करा.

मूल जवळ असताना

बाजारात मिळणारं बरंचसं बी गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं असतं. तो रंग बुरशीनाशकाच्या लेपाचा असतो. लहान मुलाच्या हातात ते देऊ नका. आमच्याकडे मुलांसाठी लेप न लावलेलं बी वेगळ्या पाकिटात मिळतं, ते मागून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चवळीचे सुटे दाणे ठेवू नका. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो.

गॅलरीत स्टूल, खुर्ची, उलटी बादली, चढता येईल अशी मोठी कुंडी कठड्याजवळ नको. मुलाची कुंडी जमिनीवर, भिंतीच्या बाजूला. मिरची तोडायला मुलाला लावू नका, तोच हात डोळ्याला जातो. कण्हेर आणि डिफेनबेकिया या शोभेच्या झाडांपासून मुलाची भाजी लांब ठेवा, दोन्ही विषारी आहेत. मातीत खेळून झालं की साबणाने हात.

मावा किंवा पिठ्या ढेकूण ही कीड दिसली तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने झाडा. पानांच्या खालच्या बाजूला बघायला मुलांची नजर आपल्यापेक्षा तेज असते, त्यांना शोधायला लावा. एवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडा द्रव साबण मिसळून मोठ्यांनी संध्याकाळी फवारावं. नीमतेल कडुलिंबाचं असलं तरी लहान मुलाच्या पोटात गेलं तर घातक ठरू शकतं. बाटली कुलपात ठेवा. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे असं कळलं तर आम्ही रासायनिक कीटकनाशक विकत नाही, कृपया आग्रह करू नका.

पारव्यांसाठी मात्र जाळीशिवाय उपाय नाही. कोवळा कोंब वर आला की ते तासाभरात साफ करतात. रोपं वीतभर होईपर्यंत बारीक जाळी हवीच.

मुलाची कुंडी त्याची राहू द्या. बी वाकडं पडलं, माती सांडली, एक रोप उपटून मूळ बघितलं तर बघू द्या. शेजारी तुमच्या तीन कुंड्या आहेतच.

पाऊस आला की

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. त्याआधीच हिरवी जाळी काढा, ताटल्या काढून टाका आणि पिशव्यांच्या तळाची भोकं मोकळी आहेत का ते काडीने तपासा. भेंडी-चवळी पावसातही देत राहतात, फक्त वाऱ्यासाठी काठीचा आधार द्या. शाळा सुरू झाली की पाणी घालायचं काम पाऊसच करतो, तोडणी रविवारी.

येताना गॅलरीचे तीन फोटो मोबाईलमध्ये आणा : सकाळी नऊचा, दुपारी एकचा आणि चारचा. तेवढ्यावर आम्ही कुठे काय लावायचं ते सांगू शकतो. मुलालाही आणा, बी त्यालाच निवडू द्या. लिफ्ट नसलेल्या इमारतींत मातीच्या पिशव्या आम्ही वर आणून देतो. मजला सांगून ठेवा.