मांजराचे कान: आधी बघा, मग औषध घाला

निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, मळ जेमतेम आणि वास नाही. असा कान साफ करायचाच नाही, आठवड्यातून एकदा नुसता बघायचा. ग्रूमिंगला आल्यावर "कानही करून द्या" असं बरेच जण सांगतात. पण कान स्वच्छ असेल तर आम्ही हात लावत नाही. उगाच चोळल्यानं आतली कातडी दुखावते आणि तिथूनच त्रास सुरू होतो.

दोन्ही कानांत कॉफी पावडरीसारखा काळा, भुरभुरीत मळ आणि सतत खाजवणं, ही बहुधा कानातल्या माइट्सची, म्हणजे अगदी बारीक किड्यांची, लक्षणं. सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेल्या पिल्लांत हे फार दिसतं. अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला साधारण तीन आठवडे लागतात आणि बरीच औषधं अंड्यांवर चालत नाहीत. म्हणूनच चार दिवसांत खाज थांबली म्हणून ड्रॉप्स बंद केले, की त्रास परत येतो. घरातल्या इतर मांजरांना आणि कुत्र्यालाही, ते खाजवत नसले तरी, त्याच वेळी औषध लागतं. मानेवर लावायचं सेलामेक्टिन हे माइट्सचं औषध डॉक्टर वजन बघून देतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं परमेथ्रिनचं औषध मात्र मांजराला कधीही लावू नका. झटके येऊन मांजर दगावू शकतं.

पण काळा मळ म्हणजे माइट्सच, असं नाही. चिकट, तपकिरी आणि आंबूस वासाचा मळ यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, असू शकतो, पिवळट पू असेल तर जंतुसंसर्ग. खात्री मळ स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच होते. त्यामुळे दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी कान पुसू नका. मागच्या वेळची उरलेली बाटलीही वापरू नका. पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्सनी ऐकू येणं आणि तोल दोन्ही जाऊ शकतं. खोबरेल, लसणाचं तेल, व्हिनेगर, पेरॉक्साइड यातलं काहीच कानात नको.

डॉक्टरांनी साफ करायला सांगितलं असेल तर मांजरांसाठीचंच क्लीनर घ्या. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गार द्रव कानात गेला की मांजर बिथरतं आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली पळतं. टॉवेलमध्ये गुंडाळा, कानाची पाळी वर धरा, बाटलीचं टोक कानाला न टेकवता द्रव सोडा आणि कानाच्या मुळाशी 20 ते 30 सेकंद हलकं चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव आत पोचला. मग सोडा, डोकं झटकू द्या आणि दिसेल तेवढाच मळ कापसानं टिपा. इअरबड नको: कानाची नळी आधी खाली जाते, मग आत वळते, आणि बडनं मळ त्या वळणावर दाबून बसतो. ड्रॉप्स द्यायचे असतील तर मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

डोकं एका बाजूला कलणं, तोल जाणं, बुबुळं थरथरणं ही आतल्या कानाची लक्षणं आहेत, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कानाची पाळी अचानक मऊ फुगली तर आत रक्त साचलेलं असतं. घरी सुई लावू नका. तरुण मांजराचा एकच कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर पॉलिपची, म्हणजे आत वाढलेल्या मांसल गाठीची, तपासणी करून घ्या. ग्रिलमध्ये ऊन खात बसणाऱ्या पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला न भरणारी खपली दिसली तर तीही दाखवा, उन्हामुळे होणारा कातडीचा कॅन्सर तिथेच सुरू होतो.

माइट्सचं औषध चालू असेल तर ग्रूमिंगची वेळ घेताना सांगा. अशा मांजरांना आम्ही दिवसाची शेवटची वेळ देतो, म्हणजे नंतर टेबल आणि टॉवेल धुऊन घेता येतात.