कंप्रेसर कोणी थांबवला: थर्मोस्टॅटने की प्रेशर स्विचने?

वैशाखातल्या दुपारी दाभोळच्या जेटीवर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत, इंजिन आणि एसी चालू ठेवून उभे राहिले, की बॉनेटखालून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो. तो एसीचा गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरच्या क्लचचा, म्हणजे कंप्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या भागाचा असतो. क्लच सोडवणारे दोघे आहेत आणि आवाज एकच आहे, त्यामुळे थर्मोस्टॅट आणि प्रेशर स्विच यांची सर्रास गल्लत होते.

थर्मोस्टॅट दाब मोजतच नाही. डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलच्या पत्र्यांमध्ये त्याची बारीक नळी, आणि नव्या गाड्यांत छोटा सेन्सर, खोचलेला असतो. कॉइल साधारण १ ते ३ अंशांपर्यंत थंड झाली की तो कंप्रेसर थांबवतो आणि ती थोडी तापताच पुन्हा चालू करतो. कोकणातल्या दमट हवेत हे काम फार मोलाचे आहे, कारण हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन साचते (गाडीखाली ठिबकते ते हेच) आणि कॉइल गोठली तर त्याच पाण्याचा बर्फ होऊन वाऱ्याची वाट बुजते. कॉइलमध्ये गॅसचा दाब त्याच्या तापमानाशी बांधलेला असतो: एसीतल्या आर-१३४ए या गॅसचा दाब शून्य अंशाला सुमारे २८ पीएसआय, म्हणजे २ बारच्या जवळपास असतो. त्यामुळे तापमान सांभाळता सांभाळता कमी दाबाची बाजूही आपोआप सांभाळली जाते.

प्रेशर स्विच मात्र रोजच्या थंडाव्यासाठी नसून रक्षणासाठी असतो. तो बहुधा कंडेन्सरकडून (गाडीच्या तोंडाशी गॅसची उष्णता हवेत सोडणारी जाळी) येणाऱ्या जास्त दाबाच्या नळीवर, गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या ड्रायरच्या आसपास बसवलेला असतो. दाब साधारण २ बारच्या खाली गेला, म्हणजे गॅस गळून गेला, की तो कंप्रेसर बंद ठेवतो. कारण कंप्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते आणि गॅस नसेल तर ते परत येत नाही. दाब ३० बारच्या आसपास चढला तरीही तो क्लच सोडवतो, नाहीतर नळ्या आणि कंप्रेसर दोन्ही धोक्यात येतात. काही स्विचांत मधला एक टप्पा असतो, तो कंडेन्सरचा पंखा जोरात फिरवतो.

फरक ओळखायचा तर झरोक्यासमोर हात धरावा. वारा गार असून कंप्रेसर सावकाश थांबत-सुरू होत असेल, तर थर्मोस्टॅट आपले काम करतो आहे. वारा कोमट असून दर दोन-चार सेकंदांनी टकटक होत असेल, तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. उभ्या गाडीत थंडावा जाऊन गाडी धावू लागताच परत येत असेल, तर कंडेन्सरला पुरेसा वारा न मिळून दाब वर चढतो आहे. ‘गॅस संपला’ हे निदान तिन्ही वेळा सारख्याच आत्मविश्वासाने ऐकायला मिळते. वास्तविक गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो गळतोच. शिवाय बंद गाडीला गेज लावून त्याचे प्रमाण कळत नाही; नळ्यांत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी ३० अंशांना काटा सुमारे ९७ पीएसआयच दाखवतो.

आमच्या गाडीचा थंडावा जेटीवरच्या रांगेत जाई आणि गुहागरच्या रस्त्याला लागल्यावर परत येई. एका गॅरेजमध्ये दोनदा गॅस भरला गेला, त्याने दाब उलट आणखी वाढला. तिसऱ्या खेपेस एका दुसऱ्या कारागिराने एसी चालू ठेवून बॉनेट उघडले, तेव्हा कंडेन्सरचा पंखा स्तब्ध होता: खाऱ्या हवेने त्याच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या घासून पंखा फिरता केल्यावर आधी भरलेला जादा गॅस काढून घ्यावा लागला.