दर अंशाला १८ ग्रॅम

“काहून बे, गिटारच लागून नाही राहिली याची!”

मागच्या टेबलावरून आवाज आला आणि दोघं-तिघं हसले. जानेवारीतली शनिवारची रात्र, नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका इमारतीचा वरचा मजला, शंभर-सव्वाशे माणसं. समोर एक उंच स्टूल, एक माइक आणि पासष्टी ओलांडलेला गायक. कॉलेजात असताना ज्या बँडला ऐकायला आम्ही रात्रभर रेल्वेत उभं राहून मुंबईचं रंगभवन गाठलं होतं, त्या बँडची निम्मी गाणी याने लिहिलेली. आता बँड नाही, ड्रम नाहीत. एक साधी लाकडी गिटार, गळ्यातल्या तारेच्या चौकटीत अडकवलेला माउथ ऑर्गन, आणि अंगात जाड कोट. हॉल तापला तरी तो कोट त्याने शेवटपर्यंत काढला नाही.

चौथ्या गाण्यानंतर तो थांबला आणि खुंट्या पिळू लागला. सातव्यानंतर पुन्हा. मागचा तो शेरा तेव्हाचा. माझ्या शेजारी बसलेला भाचा माझ्या कानाशी लागला, “मामा, यांनी ४३२ वर लावायला पाहिजे होती. ते नॅचरल असते.”

मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. एका वाक्यात म्हाताऱ्याचा अपमान आणि दुसऱ्यात भौतिकशास्त्राचा, हे जरा जास्तच झालं. तबलजी भर मैफलीत हातोडी घेऊन पाच मिनिटं ठोकत बसतो तेव्हा आपण माना डोलावतो. गिटारवाल्याने दोन मिनिटं घेतली की त्याचं वय निघतं!

खरं सांगायचं तर गिटार उतरली नसती तरच मला नवल वाटलं असतं. त्या रात्री बाहेर ११ अंश होते. गिटार गाडीच्या डिकीतून आलेली, मागच्या थंड खोलीत लावलेली. हॉलमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या बंद, आणि जानेवारीत एसी कोण लावतं? शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं. सव्वाशे माणसं म्हणजे साडेबारा किलोवॉट. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, तेव्हा आमची नुसती अंगं थंड ठेवायला साडेतीन टनांचा एसी लागला असता. तो बंद होता. पहिल्या गाण्यापासून चौथ्यापर्यंत हॉल दहा अंशांनी तरी तापला असावा.

आता तारेकडे येऊ.

ताण आणि सूर यांचं नातं शाळेत एका सूत्रात उरकतात, पण त्याच्या मागे एक गमतीदार चूक आहे. पायथागोरसच्या नावावर अशी दंतकथा खपत आली की तारेला दुप्पट वजन टांगलं की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. शेकडो वर्षं लोक हे एकमेकांच्या वह्यांतून उतरवत राहिले. वजन टांगून कोणी पाहिलं नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विन्चेंझो गॅलिली या ल्यूटवादकाने (ल्यूट म्हणजे गिटारीसारखं जुनं तंतुवाद्य) टांगून पाहिलं. दुप्पट नव्हे, चौपट वजन लागतं. हा विन्चेंझो म्हणजे गॅलिलिओचा बाप. मुलाने पुढे जे केलं त्याची सुरुवात घरातल्या तारांपासून झाली असं मला आपलं वाटतं. १६३६ मध्ये मर्सेन या फ्रेंच पंडिताने हे नियम नीट मांडले: कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ताण एक टक्क्याने घटला तर सूर अर्ध्या टक्क्याने उतरतो.

ताण घटतो कशाने? पोलाद तापलं की लांबतं. एका अंशाला दहा लाखांत बारा भाग. हे इतकं थोडं आहे की कोणालाही वाटेल, याने काय होणार. पण तार दोन्ही टोकांना बांधलेली आहे, तिला लांबायला जागाच नाही. मग लांबण्याऐवजी ती सैलावते. नागपूरकराला हे समजावणं सोपं, कारण डायमंड क्रॉसिंगच्या या गावातून चारी दिशांना रूळ जातात आणि रुळांचं गणित अगदी हेच आहे. हल्लीचे रूळ मैलोन् मैल जोडून टाकलेले असतात, मध्ये फट नसते. त्यामुळे थंडीच्या रात्री ते ताणाखाली येऊन तडकतात आणि मे महिन्यात दाबाखाली येऊन वाकडे होऊ पाहतात. बांधलेल्या पोलादात दर अंशाला किती ताण बदलतो? एका चौरस मिलिमीटरमागे सुमारे पाव किलो. रूळ असो की गिटारीची तार, आकडा तोच. पोलाद तेच ना.

गिटारीची सर्वांत बारीक तार ०.३ मिलिमीटर जाडीची. तिचा छेद ०.०७३ चौरस मिलिमीटर, आणि तिच्यावर ताण साधारण साडेदहा किलोचा. (सहा तारा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलो होतात. एक धडधाकट माणूस त्या नाजूक लाकडाला सतत लोंबकळतोय असं समजा.) पाव किलोला ०.०७३ ने गुणलं की उत्तर येतं १८ ग्रॅम. हॉल एक अंश तापला की साडेदहा किलोंतले १८ ग्रॅम गळाले! टक्क्यांत ०.१७, आणि सुरात त्याच्या निम्मं.

संगीताच्या मापात सांगतो. एका सप्तकाचे १२०० सेंट पाडतात. पेटीवरच्या कुठल्याही पट्टीला अगदी लागून पांढरी-काळी जी असेल ती १०० सेंटांवर. आपला हिशेब दर अंशाला दीड सेंट येतो. गिटारीचं लाकूडही थोडं लांबतं, त्याने तिसरा हिस्सा भरून निघतो. राहिला एक सेंट. दहा अंशांना दहा सेंट.

दहा सेंट उतरलं तर उतरलं, सगळ्याच तारा उतरल्या तर कळणार कोणाला? एकटाच तर गातोय! भाच्याने हेच विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. अडचण जाड तारांची आहे. जाड तार म्हणजे आत पोलादाचा गाभा आणि त्यावर ब्राँझचं वेटोळं. वेटोळं वजन वाढवतं, ताण सगळा गाभ्याने पेलायचा. सहाव्या तारेचा गाभा साधारण ०.४५ मिलिमीटरचा, म्हणजे छेद बारीक तारेच्या दुपटीहून जास्त. पण ताण तेवढाच, अकरा-बारा किलो. त्यामुळे तिथे दर अंशाला १८ च्या जागी ३९ ग्रॅम गळतात. सूर दुप्पट वेगाने उतरतो. लाकडाचा हिस्सा वजा करूनही दहा अंशांना वीस सेंट! म्हणजे गिटार नुसती उतरत नाही, ती वाकडी उतरते. पहिली आणि सहावी तार, दोन्ही एकाच नावाच्या सुरात लावलेल्या, त्यांच्यातच दहा सेंटांची फट पडते.

त्यात वेळेची भानगड. बारीक पोलादाला तापायला काही सेकंद पुरतात, लाकडाला अर्धा तासही कमी पडतो. शिवाय वाजवणाऱ्याची बोटं हॉलपेक्षा गरम. बोट तारेवर असताना तार तापते, गाण्यांच्या मध्ये तो गोष्ट सांगू लागला की निवते. चौथ्या गाण्यानंतर लावलेली गिटार सातव्यानंतर पुन्हा लावावी लागली, यात वयाचा काही संबंध नाही.

आणि गळ्यात माउथ ऑर्गन होता! त्याच्या पितळी पट्ट्यांचे सूर कारखान्यात ठरून येतात, मंचावर त्यांना खुंटी नसते. तेव्हा गिटारीने त्याच्याकडे जायचं, तो गिटारीकडे येणार नाही. आपल्याकडे पेटीसोबत सारंगी लावतात तसंच.

हे ऐकायचं कसं? मला या विषयात सर्वांत लाडकी गोष्ट हीच. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की आवाज एकसंध राहत नाही. तो लाटेसारखा फुगतो आणि ओसरतो. याला बीट्स म्हणतात. एक सूर सेकंदाला ३३० वेळा कंपतो, दुसरा ३२८ वेळा, तर सेकंदातून दोनदा दोघांची पावलं जुळतात आणि दोनदा बरोबर उलटी पडतात. जुळली की आवाज मोठा, उलटी पडली की लहान. फरक दोनचा, तर झोके दोन. यासाठी कानाला सुराची पारख लागत नाही. झोके मोजता आले की झालं. एकामागून एक ऐकवलं तर तीन-चार सेंटांचा फरक भल्याभल्यांना कळत नाही, पण एकत्र वाजवा, दहावीतलं पोरही “हलून राहिला आवाज” म्हणतं. आमच्या हिशेबातल्या दहा सेंटांना सेकंदाला दोन झोके पडतात. माउथ ऑर्गनपुढे सहावी तार जवळजवळ चार झोके खात असणार. मागच्या टेबलाला जे बेसूर वाटलं ते हेच.

म्हातारा काय करत होता ते मी नीट पाहिलं. खुंटीला लावायचा, सूर दाखवणारा इलेक्ट्रॉनिक चिमटा त्याच्याकडे होता, पण तो बंद. त्याने पाचव्या पडद्यावर जाड तारेला बोट नुसतं टेकवलं, छेडलं, बोट उचललं. तारेचा चौथा अंशस्वर, म्हणजे मूळ सुराच्या चौपट कंपनांचा सूर, वाजला. मग सातव्या पडद्यावर शेजारच्या तारेला तसंच. तिचा तिसरा अंशस्वर. दोन्ही एकदम घुमू लागले. त्याने सूर आधी मुद्दाम खाली नेला आणि मग खालून वर चढवला, कारण वरून खाली आणलं तर तार नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या आडव्या पट्टीच्या, खाचेत अडकते आणि भर गाण्यात ‘टिक’ करून निसटते. झोके मंदावत गेले. सेकंदाला दोन, एक, दोन सेकंदांना एक... आणि पूर्ण थांबायच्या आत त्याने हात काढला.

मी घड्याळाकडे पाहत होतो. तीनेक सेकंदांना एक झोका उरला होता, आणि तो त्याने सोडून दिला. इथे माझ्या अंगावर काटा आला. याचं कारण सांगताना वर्गातली पोरं हमखास जांभया देत, पण सांगतोच. जाड तार ८२.४१ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, तिची चौपट ३२९.६३. शेजारची ११० ची. तिची तिप्पट ३३०. फरक ०.३७. म्हणजे २.७ सेकंदांना एक झोका. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून बसवलेले असतात, आणि त्या वाटणीत पंचम निसर्गातल्या दीडपट पंचमापेक्षा दोन सेंट कमी पडतो. झोका पूर्ण मारला तर ही जोडी गोड लागेल, पण चूक पुढच्या तारांवर ढकलली जाईल. दोन सेंटांची खोट प्रत्येक जोडीत थोडी थोडी ठेवावी लागते. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला ही तडजोड जुनी खुपते. पंचमाचं सोडा, गांधार चौदा सेंट चढा लागतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हाच्या वादात हाही एक मुद्दा होता. ती बंदी तीनेक दशकं टिकली आणि पेटी त्यातूनही उरली.

राहता राहिलं भाच्याचं ४३२. मोबाइलवर फिरणारा तो निरोप तुम्हीही वाचला असेल: वाद्यं ज्याला धरून लावतात तो ४४० हर्ट्झ हा कारस्थानाने लादलेला सूर, ४३२ हा विश्वाचा, त्याने डीएनए दुरुस्त होतो वगैरे. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती. सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग, ही वाटणी माणसाने केली. विश्वाला आपला सेकंद ठाऊक नाही, मग ४३२ हा आकडा त्याला कुठून ठाऊक असणार? ४४० तरी काय, व्यवहाराची सोय. १८५९ मध्ये फ्रान्सने कायद्याने ४३५ ठरवलं होतं, १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ४४० ठरलं.

भाच्याला मी एक सोपा उपाय सांगितला. ४४० ते ४३२ म्हणजे ३२ सेंट. गिटारीची पाचवी तार दर अंशाला दीडेक सेंट उतरते. मे महिन्यात २४ अंशांच्या एसी खोलीत गिटार ४४० वर लाव आणि बाहेर ४५ अंशांच्या अंगणात आणून ठेव. वीस-एकवीस अंश झाले की विश्वाचा सूर आपोआप लागतो. नागपूर याबाबतीत फार पवित्र गाव आहे! तो हसला, पण निरोप पुढे पाठवायचा थांबेल असं काही दिसलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी पुढे गेलो. तो गिटार पेटीत ठेवत होता. विचारलं, इतक्या गरमीत कोट कशाला? त्याने कोटाचा आतला खिसा उघडून दाखवला. तिथे आणखी तीन माउथ ऑर्गन होते, वेगवेगळ्या पट्टीचे, अंगाच्या उबेत संध्याकाळपासून. थंड पट्टीवर फुंकर घातली की वाफ धरते, म्हणाला, आणि पट्टी चिकटते. मग खालून जिन्याने थंड वारा आला तशी त्याने गिटारीच्या पेटीचं झाकण घाईने लावलं.